हिरवा गोंद

बेअरिंग तसूभरही हलेना, तेव्हा चिमणीने हातोडी खाली ठेवली आणि ज्याने कोणी ते बसवलं होतं त्याला एक सणसणीत शिवी हासडली. तात्यांनी ती ऐकली आणि पान्हे पुसत राहिले. ती शिवी कोणाला लागली हे त्या वर्कशॉपमध्ये एकट्या तात्यांनाच माहीत होतं.

चिमणी म्हणजे तात्यांची एकुलती एक मुलगी. नावावर जाऊ नका. पस्तिशीची, बापापेक्षा टीचभर उंच, आणि अख्खं इंजिन टेबलावरून एकटीने उतरवणारी बाई. लहानपणी कोणीतरी चिमणी म्हटलं आणि ते चिकटलं, त्याला आता कोण काय करणार! आठ वर्षं ती बापाच्या हाताखाली काम करत होती. हात असा तयार झाला होता की नुसता आवाज ऐकून सांगायची, हा वॉल्व्ह आणि ही चेन. पण गिऱ्हाइकं? ती दारात उभी राहून तिच्या खांद्यावरून आत डोकावायची आणि विचारायची, "तात्या आहेत का?" जशी काही ही बाई म्हणजे दाराला लावलेला पडदा.

एकटे ढोरांचे डॉक्टर तेवढे वेगळे निघाले. गायी-म्हशी तपासत ते दिवसभर वाड्यावस्त्यांवर हिंडायचे, एका जुन्या मोटारसायकलवर. ती गाडी बनवणं कंपनीने कधीच बंद केलं होतं, सुटे भाग हुडकायचे म्हणजे नाकी नऊ यायचे. मागच्या आठवड्यात गिअरबॉक्स घरघरायला लागला तेव्हा गाडी आणून उभी केली आणि चारचौघांत म्हणाले, "तात्या, या खेपेला इंजिन चिमणीने खोलायचं आणि चिमणीनेच बांधायचं. तुम्ही नुसतं बघा." त्या दिवशी चिमणीने सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन ओळीने मांडली. हे इंजिन नीट बांधून बाहेर पडलं की गावात तिचं नाव होणार होतं, हे तिला कळत होतं आणि तिच्या बापालाही कळत होतं.

आणि नेमकं हेच इंजिन!

त्याचं असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी हीच गाडी तात्यांकडे आली होती. चिमणी तेव्हा आठवडाभर मावशीकडे गेलेली. गिअरबॉक्सचं एक बेअरिंग त्याच्या घरात, म्हणजे बसायच्या गोल खाचेत, सैल झालं होतं, बोटाने फिरत होतं. अशा वेळी करायचं काय, तर केसिंग, म्हणजे गिअरबॉक्सची बाहेरची पेटी, लेथवाल्याकडे न्यायची, ते घर मोठं करून त्यात नवी कडी ठोकून घ्यायची आणि मग बेअरिंग बसवायचं. लेथवाला तापाने झोपला होता. डॉक्टर दर दोन तासांनी येऊन विचारत होते. तात्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं, हिरव्या गोंदाची बाटली काढली, आणि बेअरिंगला चांगला सढळ हाताने गोंद फासून ते आत बसवून दिलं. धातूला धातू चिकटवणारा तो गोंद. एकदा धरला की धरला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? कितीतरी लोक लावतात. लावोत की! पण तात्या लावत नव्हते. "बेअरिंगला गोंद लावायचा असेल तर पोस्टात नोकरी धर, पाकिटं चिकटव," हे वाक्य त्यांनी शंभरदा ऐकवलं असेल. लांब्या नावाचा चांगला कारागीर होता त्यांच्याकडे. त्याने एकदा असाच गोंद लावला, तर तात्यांनी त्याला गिऱ्हाइकांसमोर हाताला धरून बाहेर काढलं. लांब्या रडत गेला. ते सगळं केल्यावर आता कुठल्या तोंडाने सांगणार?

चिमणीने सकाळी रीतसर सगळं केलं होतं. केसिंग शेगडीवर हळूहळू तापवलं. वर पाण्याचा थेंब टाकला, तो नाचून उडाला. मग जाड हातमोजे घालून केसिंग फळीवर पालथं आपटलं. ॲल्युमिनियम तापलं की फुगतं, लोखंडाचं बेअरिंग आपल्या वजनाने खाली पडतं, ही सरळ रीत. बाकीची तीन बेअरिंगं टपाटप पडली. चौथं जागचं हललं नाही. दुसऱ्यांदा तापवलं, तिसऱ्यांदा तापवलं. बेअरिंग ओढून काढायचा पुलर लावला तर त्याची नखंच सटकली.

"तात्या, हे असं का करतंय?"

"जुनं आहे," तात्या म्हणाले. "गंजलं असेल."

"तेलात बुडालेलं बेअरिंग गंजतं होय?"

तात्यांनी मान दुसरीकडे वळवली. सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं. नुसतं एवढं म्हटलं असतं की गोंद आहे, तर पोरीने ओळखलं असतं पुढचं. तो गोंद पाण्याचा थेंब नाचवणाऱ्या उष्णतेला भीक घालत नाही. त्याला दुपटीने तापवावं लागतं, मोठ्या ज्योतीने, सगळीकडून सारखं, तासभर धीर धरून. मग तो मऊ पडतो. एक वाक्य होतं. पण ते वाक्य म्हटलं की आठ वर्षं ही पोर ज्या माणसाचा शब्द प्रमाण मानत आली तो माणूस संपला, असं तात्यांना वाटत होतं.

तेवढ्यात शेजारचा लेथवाला हात पुसत आत आला. दोघांकडे पाहिलं, केसिंगकडे पाहिलं आणि खो खो हसला. "काय तात्या, कोणी चिकटवून ठेवलंय की काय?"

"माझ्या दुकानात?" तात्या म्हणाले, आणि त्याच्याहून मोठ्याने हसले. चिमणीही हसली. झालं! आता बोलायची वाटच राहिली नाही.

लेथवाला गेला. चिमणी कमरेवर हात ठेवून विचार करत उभी राहिली आणि म्हणाली, "ग्रीस भरते."

त्या बेअरिंगच्या मागची बाजू बंद होती, मागून ठोकायला भोक नव्हतं. अशा ठिकाणी बेअरिंगच्या मधल्या भोकातून आत ग्रीस ठासून भरायचं, त्या भोकात बरोबर बसेल असा लोखंडी दांडा घालायचा आणि वरून हातोडी हाणायची. आतल्या ग्रीसला जायला जागा नसते, ते मागून बेअरिंगला बाहेर रेटतं. युक्ती तात्यांनीच शिकवलेली, आणि चांगली युक्ती आहे. फक्त बेअरिंग सरकणारं हवं. ते सरकलं नाही तर सगळा जोर जातो मागच्या भिंतीवर, आणि ती भिंत असते बोटभरही जाड नाही.

तात्यांना हे दिसत होतं. उन्हात वाळत घातलेल्या कपड्याइतकं स्वच्छ दिसत होतं. चिमणीने ग्रीस भरलं, दांडा घातला, पहिला घाव मारला.

"जपून," तात्या म्हणाले.

बस्स, एवढंच म्हणाले! दुसरा घाव. तिसरा. ग्रीस जरासं वर आलं. तिने पुसलं, आणखी भरलं, आणि चौथा घाव मारला तो बेताने नाही, जीव खाऊन मारला. सुपारी फोडल्यासारखा आवाज झाला.

चिमणीने केसिंग उलटं केलं. मागच्या भिंतीला आरपार तडा गेला होता आणि त्यातून ग्रीसची बारीक शेवई बाहेर येत होती. तिने हातोडी बाजूला ठेवली. हातमोजे काढले. "चहा पिऊन या तुम्ही," ती म्हणाली, आणि तात्या खरंच गेले. रस्त्याच्या पलीकडच्या बाकावर बसून त्यांनी तीन कप चहा प्यायला आणि एकाचीही चव कळली नाही.

पाच वाजता डॉक्टर आले, त्यांच्या मागोमाग तात्या आत शिरले. केसिंग टेबलावर होतं, बेअरिंग निघून शेजारी पडलेलं.

"डॉक्टर, केसिंग फुटलं," चिमणी म्हणाली. "माझ्या हातून. जोर जास्त झाला. वेल्डिंग करून बघू, पण गिअर सरळ बसतील याची खात्री नाही देता येत."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तात्यांकडे वळले आणि म्हणाले, "तात्या, तुम्ही कुठे होतात?"

"चहाला गेलो होतो," तात्या म्हणाले. आणि एवढ्यावर जीभ थांबेल तर ना! "मी असतो तर होऊ दिलं नसतं."

चिमणीने बापाकडे पाहिलं. फक्त एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"चुकलंच माझं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडेच द्यायला हवं होतं. यापुढे तुम्हीच हात लावा." आणि ते पायीच निघून गेले.

तात्या टेबलापाशी आले. केसिंगमधलं ते घर आरशासारखं चकचकीत होतं. बेअरिंगवरही कसला डाग नव्हता. शेजारी मोठ्या ज्योतीचा बर्नर, थिनरचा डबा आणि एक फडकं पडलं होतं, आणि फडक्यावर हिरवट पांढऱ्या पापड्या.

"तू पुसलंस?"

"मग काय तसंच दाखवू त्यांना? तुमच्याशिवाय या गाडीला हात कोणी लावलाय?" चिमणीचा आवाज चिरकला. "मला वाटलं, निदान त्यांच्यासमोर तरी तुम्ही बोलाल. मी वाट बघत होते, तात्या."

तात्यांनी केसिंग उचललं आणि त्या वयात धावले. डॉक्टर कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी सापडले. दम लागलेल्या आवाजात तात्यांनी सगळं ओकून टाकलं. गोंद मी लावला, दोन वर्षांपूर्वी. सकाळपासून मला माहीत होतं. मी तिथेच उभा होतो. पोरीची काही चूक नाही.

डॉक्टरांनी केसिंग हातात घेऊन त्या चकचकीत घरावरून बोट फिरवलं. मग ते तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून हसले, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले होते.

"पुरे, तात्या. इथे गोंदाचा मागमूस तरी आहे का? तुम्ही आणि गोंद! मलाही मुलगी आहे. मीही असाच धावत आलो असतो."

"अहो, खरं सांगतोय मी! पोरीने पुसलं ते!"

"म्हणजे तिनेच शिकवून पाठवलं की काय?" आता डॉक्टरांचं हसू मावळलं. "हे मात्र बरं नाही केलं तिने. आपली चूक म्हाताऱ्या बापाच्या गळ्यात घालायची?"

"नाही, नाही," तात्या म्हणत राहिले. औषधांच्या दुकानातली दोनचार माणसं बघायला लागली. डॉक्टरांनी केसिंग हळूच त्यांच्या हातात परत दिलं, नमस्कार केला आणि रस्ता ओलांडला.

तात्या परतले तेव्हा चिमणी हत्यारं कपाटात ठेवत होती. पाठमोरीच होती.

"सांगितलं मी त्यांना," तात्या म्हणाले. "सगळं सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"त्यांना खरं वाटलं नाही."

चिमणी वळली. दिवसभर ज्याने गंज म्हटलं, जपून म्हटलं आणि चहा म्हटलं, त्या माणसाच्या तोंडाकडे ती नीट बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली, आणि कपाटाचं दार लावून घेतलं.