राईएवढी आदिमाया

नाथाजी शाहिराचा आवाज असा, की ताकारीच्या शिवारात त्यानं डफावर थाप मारून तान घेतली तर नदीपलीकडची जनावरं माना वर करायची. पण त्या साली भैरोबाच्या जत्रेत आटपाडीकडच्या मेंढपाळ आकारामानं त्याची बोलती बंद केली आणि तो आवाज वर्षभर घशातच अडकून बसला.

भांडण जुनंच. नाथाजी कलगीवाला, म्हणजे शक्तीच्या बाजूचा. त्याच्या मते आधी आदिमाया, मग बाकी सगळं. आकाराम तुरेवाला, त्याच्या मते आधी शिव. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वडाखाली दोघांचे सवाल-जवाब व्हायचे आणि जिंकेल त्याला भाऊसो पाटील आपल्या हातानं मानाचा फेटा बांधायचे. हरणाऱ्यानं डफाची कलगी नाहीतर तुरा उतरवून समोरच्याच्या हाती द्यायचा.

त्या वर्षी आकारामानं विचारलं, "जग व्हायच्या आदी काय व्हतं?"

"आदिमाया!" नाथाजी गरजला.

"व्हती तर व्हती. पर बसली कुठं व्हती? धरती न्हाई, आभाळ न्हाई, घोंगडं टाकाय टीचभर जागा न्हाई. बाई बसली कशावर रं गड्या?"

माणसं पोट धरधरून हसली. नाथाजीनं डफ वाजवला, तुणतुण्याकडं बघितलं, मागं झील धरणाऱ्या, म्हणजे ध्रुपद ओढणाऱ्या गुंडाकडं बघितलं. गुंडा जमिनीकडं बघत होता. शेवटी नाथाजीला स्वतःच्या हातानं कलगी उतरवून द्यावी लागली.

त्यानंतर त्याचं बाहेर पडणं मुश्कील झालं. पाणवठ्यावर बाया तोंडाला पदर लावायच्या. मोट हाकणारा धुळा बांधावरून ओरडायचा, "शाहीर, सापडली का जागा बाईला?" जेवताना तो जरा चुळबुळला की बायको शालूबाई म्हणायची, "बसा की नीट. का तुमालाबी जागा न्हाई?"

माघात नाथाजी हळद घेऊन सांगलीला गेला. हळद विकून झाली, पण त्याचं मन काही विकण्या-घेण्यात नव्हतं. अडत्याच्या ओट्यावर चहा घेताना त्यानं सहज तोच सवाल विचारला, तेव्हा अडत्या म्हणाला, "आमच्या कॉलेजात चौगुले म्हणून प्रोफेसर आहेत. चांदण्यांचं काय ते त्यांनाच विचारा. आम्ही हळदीपुरते."

नाथाजी गुळाची ढेप काखेत मारून कॉलेजात पोचला. चौगुले सर अंगानं सडपातळ, चष्मेवाले, आणि डोळ्यांत सदा काहीतरी खोडी शिजत असल्यासारखे. समोर फेटेवाला उभा आणि तो विचारतोय की जग व्हायच्या आधी काय होतं! सरांनी वर्गाकडं जायचं सोडलं आणि त्याला पायरीवर बसवून घेतलं.

"शाहीर, अलीकडं मोठमोठ्या दुर्बिणींतून काय दिसलंय ठाऊक आहे? आभाळातले तारकांचे पुंजके एकमेकांपासून लांब लांब पळतायत. सगळं जग पसरत चाललंय. मग उलटं मागं गेलं तर?"

नाथाजीनं विचार केला. "तर समदं जवळ जवळ येनार."

"येणार. आणि आणखी मागं गेलं तर काही विद्वान म्हणतात, हे सगळं एका इवल्याशा, अतिशय तापलेल्या गोळ्यात होतं. तो फुटला आणि पसरायला लागला."

"म्हंजे लाही फुटल्यागत?"

"वा! पण लाही फुटते ती कढईत. इथं कढईच नव्हती."

नाथाजीचा चेहरा पडला. "आलं का पुन्ना तेच! मग त्यो गोळा बसला कुठं व्हता, सर?"

"कुठंच नाही. अहो, गोळा मोकळ्या जागेत फुटला असं नव्हे, जागाच त्याच्याबरोबर पसरत गेली. 'कुठं' हे गोळ्याच्या बाहेर नव्हतंच. आणि काही जण म्हणतात, 'कवा' सुद्धा नव्हतं. काळही तिथूनच सुरू."

नाथाजी पायरीवरून ताडकन उठला. गुळाची ढेप सरांच्या मांडीवर ठेवून त्यानं त्यांचे पाय धरले. सर लाजून मागं सरकले. "शाहीर, ऐका तरी! अजून याच्यापुढं पुष्कळ आहे…"

पण पुढचं ऐकायला नाथाजी होताच कुठं! तो स्टेशनच्या वाटेला लागला होता आणि गाडी येईपर्यंत फलाटावर येरझाऱ्या घालत ओळी जुळवत होता. एका हमालानं त्याला बाजूला घेऊन पाणी पाजलं. त्याला वाटलं, माणसाला ऊन लागलंय.

घरी आल्यावर तो वेगळाच झाला. नांगर धरला तरी पुटपुटायचा. गोठ्यात म्हशीला कवन म्हणून दाखवायचा. गुंडाला झील शिकवताना त्यानं भैरोबाची शपथ घातली, "ह्यातलं अक्षर भाईर गेलं तर तुजं तोंड बघायचं न्हाई." गुंडा बिचारा आपल्या सावलीशीही बोलेना. शालूबाईनं एकदा विचारलं, "आवं, ह्यो गोळा कुणी सांगितला तुमाला?" तर नाथाजी मिशीला पीळ देत म्हणाला, "सांगलीच्या कॉलेजातलं ग्यान हाय ते. चौगुले सरांचं. तुज्या डोक्यावरनं जाईल." शालूबाई चुलीकडं वळली. दोन दिवसांनी ती माहेरी विट्याला जाऊन आली, येताना चांगली हसतमुख दिसली, आणि नाथाजीला वाटलं, माहेरचं पाणी मानवलं.

चैत्रात जत्रा भरली. वडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. बाया एका अंगाला, गडी एका अंगाला, पोरं फांद्यांवर. लढाईवरनं परतलेले दोघं-तिघं खाकी अर्ध्या विजारीत पुढं बसले होते. आकाराम खांद्यावर घोंगडं टाकून आला, शांतपणे डफ मांडीवर घेऊन बसला. भाऊसो पाटलांनी इशारा केला. आकारामानं गेल्या सालचाच सवाल पुन्हा टाकला, जखमेवर मीठ चोळावं तसा. लोक आधीच हसायच्या तयारीत.

नाथाजी उठला. डफ तापवून खणखणीत केलेला. आणि त्यानं सोडलं:

"नव्हती धरती, नव्हतं पाणी, नव्हता वारा वर,
राईएवढ्या आगीत निजलं अवघं चराचर.
फुटली राई, आभाळ धावलं पुढं आणखी पुढं,
'कवा' आन् 'कुठं' ही जुळी लेकरं निपजली तिच्याकडं!"

गुंडानं झील अशी उचलली की वडावरचे कावळे उडाले. नाथाजी आकारामासमोर जाऊन उभा राहिला. "बाई कुठं बसली पुसतोस? आरं, 'कुठं' तिच्या पोटात व्हतं! आईला इचारतोस व्हय, तू कंच्या लेकराच्या मांडीवर जलमलीस?"

आधी फांद्यांवरची पोरं ओरडली. मग टाळ्या, शिट्ट्या, टोप्या हवेत. भाऊसो पाटलांचा हात फेट्याकडं गेलासुद्धा. नाथाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर अडकलेला आवाज मोकळा झाला होता.

"थांबा की पाटील," आकाराम म्हणाला. "घाई कशाला?"

तो उठला. घोंगडं नीट केलं. घाबरल्याची काही खूण नव्हती, उलट गालात हसत होता.

"मेंढरं पांगली माळावरती, मोकळी पडली जागा,
नवं कोकरू आलं तिथं, कळप तसाच बघा.
आदी न्हाई, अंत न्हाई, फुटली न्हाई राई,
शिवाला माज्या पाळना न्हाई, शिवाला न्हाई आई!"

"चांदण्या लांब पळत्यात, कबूल," आकाराम लोकांकडं वळून म्हणाला. "पर मधी जागा मोकळी झाली की तितं नव्या चांदण्या हुत्यात. कळप पांगतोय, कोकरं जलमत्यात, कळप काय कमी हुत न्हाई. काल असंच, उद्याबी असंच. जलमच न्हाई त्याला आदी काय पुसता?" मग हळूच नाथाजीकडं बघून, "आन् तुजी राई तापली व्हती म्हनतोस. जाळ कुणी घातला रं खाली?"

आता टाळ्या तिकडून. माळावरची धनगर मंडळी उठून नाचायला लागली. पण नाथाजीचं टाळ्यांकडं लक्ष नव्हतं. चांदण्या लांब पळतायत, हे ह्या मेंढक्याला कळलं कुठनं? तो गर्दीवर नजर फिरवू लागला. भज्यांच्या पालाशेजारी एक माणूस उभा होता. डोक्याला फेटा, पण असा बांधलेला की एक शेमला पाठीवर आणि एक नाकावर. फेट्याखाली चष्मा. हातात भज्यांचा द्रोण.

"सर!" नाथाजी असा ओरडला की द्रोण खाली पडला.

पुढच्या घटकेला चौगुले सर वडाखाली पाटलांसमोर उभे होते आणि फेटा त्यांच्या गळ्यात आला होता.

"ह्यालाबी तुमीच शिकवलं?" नाथाजी डफ खाली ठेवत म्हणाला.

"शाहीर, तुम्हाला म्हणत होतो ना, पुढं पुष्कळ आहे. तुम्ही थांबलात कुठं? मग हे आले. त्यांनी पुढचं ऐकलं."

"सर, आमाला ते कळत न्हाई," भाऊसो पाटील म्हणाले. "तुमी शिकलेलं मानूस. दोघातलं खरं कंचं, तेवढं सांगा. फेटा बांधून मोकळा हुतो."

सरांनी चष्मा पुसला. "पाटील, खरं कुणालाच ठाऊक नाही. विलायतेतले विद्वानसुद्धा याच दोन बाजूंनी भांडतायत. एक म्हणतो फुटलं, दुसरा म्हणतो कधी सुरूच झालं नाही. अजून निकाल नाही."

पाटलांनी फेटा बाजूला सरकवला. मग खाकी विजारवाल्यांपैकी अर्जुना मोठ्यानं म्हणाला, "म्हंजे विलायतेतबी कलगी-तुरा चाललाय म्हना की!"

हशाचा असा लोट उठला, की भैरोबाच्या देवळातला गुरव बाहेर येऊन बघू लागला. भाऊसो पाटलांनी मिशा पुसल्या. "निकाल न्हाई तर फेटाबी न्हाई. फेटा माज्या पेटीत ऱ्हाईल. विलायतेतनं सांगावा आला की बांधू. पर सर, तुमी दोगांच्या चुली पेटवल्या, त्येचा दंड बसंल. आता दिवस मावळंस्तवर दोगांचीबी झील धरा."

सरांनी सुटकेसाठी इकडंतिकडं बघितलं. वाट नव्हती. मग त्यांनी गळ्यातला फेटा कमरेला बांधला आणि गुंडाशेजारी उभे राहिले. आवाज असा बेसूर, की आकारामासारखा आकाराम कवन म्हणताना मधेच हसून बसला. सर मात्र आधी राई फोडत आणि मग तितक्याच जोरात कोकरं जन्माला घालत राहिले. त्यांच्या तोंडावरून वाटत होतं, की हा दंड त्यांनी कॉलेजच्या पगारापेक्षा खुशीनं घेतलाय. शेवटी शेवटी नाथाजीलाही हसू आवरेना. राग होता, पण तो कुठं ठेवावा तेच कळेना.

परतताना तो बैलगाडी हाकत होता. एकदम म्हणाला, "पर आकारामाला सरांचं नाव कळलं कसं? गुंडा तर बोलला न्हाई."

शालूबाई बाहेर उसाकडं बघत बसली होती. तिचे खांदे हलत होते.

"तू?"

"विट्याच्या बाजारात हरनाबाई भेटली, आकाराम शाहिराची कारभारीन. सांगितलं तिला. ग्यान काय, माज्या डोक्यावरनं गेलं. नाव तेवढं डोक्यात ऱ्हायलं."

"आगं, पर का?"

"आवं, तुमी एकलंच जिकला असता तर सालभर घरात आदिमाया नांदली असती. म्हशीलाबी झोप न्हाई." आणि मग पदर सावरत, "आन् त्यो गप पडला असता तर तुमी भांडला असता कुनासंगं? मला न्हाई येत तुमच्यागत भांडाय."

नाथाजीनं बैलाची शेपूट पिळली. दोन दिवस त्यानं अबोला धरला. तिसऱ्या दिवशी कालवण आळणी झालं आणि बोलावं लागलं.

जत्रा होऊन पंधरवडा झाला असेल, आकाराम स्वतः दारात हजर. काखेत घोंगडं, चेहरा कसनुसा. "नाथाजी, आमच्या वाडीतली मानसं जीव खात्यात. म्हनत्यात, कोकरू आलं खरं, पर मेंढीशिवाय आलं कुठनं? सर ते बोलले न्हाईत."

"आमच्यातबी तसंच," नाथाजीनं कबूल केलं. "राई कुणी पेरली म्हनून इचारत्यात. धुळा तर रोज."

शालूबाईनं दोघांना भाकरी बांधून दिली. सकाळच्या गाडीनं ते सांगलीला पोचले आणि कॉलेजच्या फाटकातून दोन फेटे बरोबरीनं आत शिरले. शिपाई त्यांना बघून घाईघाईनं पुढं आला. "सर न्हाईत. आत्ताच गेले."

"कुठनं गेले? आमी तर फाटकातनंच आलो," आकाराम म्हणाला.

"मागच्या दारानं."

नाथाजीनं आकारामाकडं बघितलं, आकारामानं नाथाजीकडं. मग दोघं पायरीवर सावली बघून बसले, भाकरीचं फडकं सोडलं, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत पुन्हा जुंपली.