बुजवता बुजवता राहिलेली विहीर

मित्रांनो, मी रायपूरच्या तात्यापाऱ्यातली एक जुनी विहीर आहे. किती जुनी ते विचारू नका. बाईचं आणि विहिरीचं वय विचारू नये! एके काळी सगळी गल्ली माझंच पाणी प्यायची आणि माझं नाव काढायची.

मग घरोघरी नळ आले, गल्लीत बोअर झाला, आणि माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहीना. नाही म्हणायला शांताबाई रोज यायच्या. देवघरातली सुकलेली फुलं माझ्यात सोडायच्या. निर्माल्य कुणाच्या पायाखाली येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. त्यांचं पाहून सगळे तेच करू लागले. भक्ती त्यांची आणि वास माझ्या नशिबी! मी आतल्या आत कुजत होते.

गेल्या वर्षी मे महिन्यात बोअर आटला. टँकर चार दिवसांनी यायचा. गल्लीची बैठक माझ्याच कट्ट्यावर बसली. रेल्वेतून निवृत्त झालेले नीलकंठराव म्हणाले, "ही विहीर नुसती वास मारून राहिली. मलबा टाकून बुजवा, गाड्या तरी उभ्या राहतील."

लोकांनी माना डोलावल्या. भीतीनं माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. तेवढंच काय ते स्वच्छ पाणी!

तेवढ्यात शांताबाई उठल्या. "काहून बुजवता जी? घाण तं मीच केली. चाळीस वर्षं टाकून राहिली. मले दोर द्या, मीच उतरते."

"या वयात?" नीलकंठरावांनी विचारलं.

"मंग तुम्ही उतरा!"

नीलकंठराव माझ्यात डोकावले आणि नाक दाबून मागे सरले. त्यांची इंजिनियर मुलगी स्नेहल हसून म्हणाली, "पापा, पहले साफ करके तो देखो. छत का पानी भी इसी में छोड़ेंगे."

"हव," ते होकार देत पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी तेच सर्वांत आधी उतरले. पाच दिवस गल्ली राबली. बायका रांगेनं घमेली पुढे सरकवत होत्या. हार, नारळ, फुटक्या तसबिरी, काय नव्हतं त्या गाळात! शेवटी तळाशी एक झरा मोकळा झाला. जेमतेम घागरभर पाणी. पण मला रडूच आलं. पुढे पावसाळ्यात अकरा घरांच्या छपरांचं पाणी वाळू-गिट्टीच्या खड्ड्यातून गाळून माझ्यात सोडलं. निर्माल्याचं आता खत होतं, आणि माझं पाणी घरटी रोज चारच बादल्या, असं सर्वांनी मिळून ठरवलं.

या मे महिन्यात बोअर पुन्हा आटला. मी नाही आटले! शांताबाईंनी पहिली बादली ओढली, ओंजळीत पाणी घेऊन त्याचा वास पाहिला आणि म्हणाल्या, "आज देवाले ह्याच पाण्यानं आंघोळ."

मित्रांनो, विहिरीला देव मानलं नाहीत तरी चालेल. वर्षातून एकदा खाली उतरून गाळ तेवढा काढा.