राजाबाईच्या हातचं पाणी

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो. सध्या पुंडलिकनगरातल्या कडुबा मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये दोन फाटक्या टायरांवर बसून आहे. माझं हेड, म्हणजे डोक्यावरचं लोखंडी झाकण, काढून बाजूला ठेवलं आहे, नळ्या मोकळ्या लोंबताहेत आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण वाकून माझ्या आत डोकावतो. लाज वाटते खरी, पण तक्रार म्हणाल तर काहीच नाही. का नाही, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं आणि घासूनपुसून एका पांढऱ्या गाडीत बसवलं. माझे पहिले मालक मला फक्त किल्लीपुरते ओळखायचे. किल्ली फिरवली की मी गुरगुरायचं, एवढाच आमचा संबंध. पुढे गाडी जुनी झाली, त्यांनी ती विकली आणि मी पाचोडला एका मेंढपाळाच्या घरी आलो. तिथं माझं नशीब उघडलं.

त्या घरची सून मंजुषा शहराजवळच्या एका कंपनीत कामाला जाते. गाडी तिनंच घेतली आणि तीच चालवते. गावातल्या आणखी तिघींना सोबत घेऊन ती सकाळी लवकर निघायची आणि संध्याकाळी सगळ्यांना परत आणायची. मागच्या सीटवर डबे, गप्पा आणि प्रत्येकीच्या घरची गाऱ्हाणी. मी सगळं ऐकलं आहे आणि सगळं पोटात ठेवलं आहे.

मंजुषाची सासू राजाबाई. तिचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. तिचा एक नेम होता, तहानलेलं जनावर वाटेला लावायचं नाही. गाडीलाही त्यातून सुटका नव्हती. मंजुषा डबे भरायची तेव्हा राजाबाई बॉनेट उघडून तांब्यानं माझ्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची. मग ऑइल बघायची काडी ओढून पाहायची, कमी असलं तर लगेच भरायला लावायची, कुठं गळतंय का ते वाकून बघायची. "पी बाबा, लांब जायचंय," असं रोज म्हणायची. मला, एका लोखंडाला, कुणीतरी बाबा म्हणत होतं! माझं मन भरून यायचं.

एकदा सर्व्हिसिंगच्या वेळी कडुबा मिस्त्रींनी माझ्यात इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट भरलं. दुसऱ्या दिवशी राजाबाईनं झाकण काढलं आणि ती ओरडलीच. "आगं माय! ह्याला हिरवं पाणी कोण पाजलं? असलं डबक्यातलं पाणी पिऊन मेंढरं मरतेत की!"

तिनं रेडिएटरचा खालचा नळ सोडला. ते हिरवं पाणी खड्ड्यात जिरवलं, मेंढरांनी चाटू नये म्हणून वर माती लोटली आणि मला पुन्हा बोअरचं ताजं पाणी पाजलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही केलं आहे असं तिला वाटलंच नाही.

आमच्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं, ते कुठल्याही हंड्याचा तळ पाहिला तरी कळेल. तोच पांढरा खार माझ्या आतल्या पाण्याच्या वाटांत साचत गेला. मी तापू लागलो, धूर सोडू लागलो. शेवटी झाल्टा फाट्याजवळ माझी वाफ निघाली आणि मी बसलो. मंजुषानं लगेच गाडी बंद केली म्हणून निभावलं. चौघी हात दाखवत मिळेल त्या वाहनानं गेल्या, तरी उशीर झालाच. सुपरवायझरनं बजावलं, पुन्हा असं झालं तर येऊच नका.

गाडी ओढून गॅरेजला आणली. कडुबांनी मला उघडायच्या दिवशी राजाबाईही सुनेबरोबर आली. आजारी जनावर परक्या दारात एकटं सोडत नसतेत, असं तिचं म्हणणं.

"ताई, दोन रस्ते हायेत," कडुबा म्हणाले. "ह्याचंच इंजिनकाम करायचं, खार काढायचा, हेड घासायचं, तर लई दिवस जातील. नायतर ॲक्सिडेंटच्या गाडीतलं एक इंजिन आलंय, ते लगेच बसवून देतो." बोलता बोलता त्यांनी पेचकसानं माझ्या आत खरवडलं, तसे पांढरे पापुद्रे गळाले. "पण हे कामून झालं? म्या तर कूलंट टाकलं व्हतं!"

राजाबाईनं काही न लपवता सगळं सांगितलं. कडुबांनी सांगितलं, हा खार त्या बोअरच्या पाण्याचाच. ती हळूच स्टुलावर टेकली.

"म्हंजे मह्याच हातानं मारलं की मी ह्याला," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून रडू लागली. "दुसरंच बसव, मंजुषा. तुमच्या चौघींच्या पोटाचा सवाल हाय. आन् आजपासून मी गाडीला हात लावायची नाय."

मित्रांनो, मला काढून टाकलं असतं तरी मी वाईट मानलं नसतं. चार बायकांच्या भाकरीपुढं माझी काय मातब्बरी? पण राजाबाईनं हात आखडता घ्यावा, हे मला सोसवेना. बोलता आलं असतं तर मी तेवढंच बोललो असतो.

मंजुषानं विचारलं, "दादा, बाकी आतून कसं हाय?"

कडुबांनी माझ्या क्रँकवरून, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्यावरून, बोट फिरवलं. "हे मातर एक नंबर हाय, ताई. बेअरिंगं बी चांगली हायेत. ह्याला ऑइल कधी कमी पडलेलं नाय."

"ते बी आत्याबाईंनीच बघितलं," मंजुषा म्हणाली. "अन् त्या दुसऱ्या इंजिनाचं कोण बघत होतं?"

"ते मला काय म्हाईत? वरून तर बरं दिसतंय."

 मंजुषा सासूजवळ उकिडवी बसली. "आत्याबाई, इंजिन दुसरं मिळंल. पण रोज उठून त्याच्यात वाकून बघणारं माणूस मी कुठून आणू? हेच नीट करू. तवर आम्ही चौघी पहिल्या एसटीनं जाऊ. मी उठवीन सगळ्यांना."

राजाबाईनं डोळे पुसले, उठली आणि कडुबांसमोर उभी राहिली. "लेकरा, ते हिरवं पाणी आण बरं इकडं. कसं वळखायचं, कवा टाकायचं, समदं शिकव मला. वाचता येत नाय, पण सांगितलेलं मी इसरत नाय." मग तिनं इतके प्रश्न विचारले की कडुबांना चहा मागवावा लागला.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे सायकल पुसतं, शिलाई मशिनला तेल घालतं, पंख्याची धूळ काढतं. त्यांच्या हातून चूक झाली तर त्यांना बाजूला सारू नका, जवळ बसून शिकवा. आणि तुम्हीही वस्तूंना जीव लावा, पण त्यांना काय सोसतं ते आधी विचारून घ्या.

निघताना राजाबाई दारातून परत आली. माझ्यावर हात ठेवून तिनं कडुबांना हळूच विचारलं, "हेड घासताना ह्याला दुखत नसंल ना रे?"

कडुबा हसले. मी मात्र तेव्हाच ठरवलं, दुखलं तरी सोसायचं आणि बरं होऊन पाचोडला जायचं.