हसण्यासाठी सोडलेल्या जागा

मित्रांनो, मी एक जुना, पडलेला चित्रपट आहे. त्यातही दुसरा भाग. माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे पहिल्या भागाला, लोक अजून डोक्यावर घेतात. तिजोऱ्या फोडणाऱ्या एका धांदरट चोराची ती गोष्ट. ती पाहताना माणसे हसून हसून खुर्चीतून खाली पडायची म्हणे. मला पाहायला आलेली माणसे खुर्चीतून उठायची, पण घरी जायला. हे मीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला माझ्यामागे कुजबुजावे लागणार नाही.

थोरल्यानंतर दहा वर्षांनी माझा जन्म झाला. निर्मात्याने दोन माणसांना हातात घड्याळ देऊन पहिल्या भागाच्या खेळाला बसवले. लोक कितव्या मिनिटाला हसतात आणि किती वेळ हसतात, ते त्यांनी वहीत उतरवले. त्या वहीवरून मला बेतले. थोरल्यातला चोर सतराव्या मिनिटाला कपाटात अडकतो, म्हणून माझ्यातला सतराव्याच मिनिटाला फ्रीजमध्ये अडकतो. प्रत्येक विनोदानंतर आठ सेकंद कोणी काही बोलत नाही. ती जागा प्रेक्षकांच्या हसण्यासाठी सोडलेली होती.

संकलन करणाऱ्या बाईंनी विचारले, "आणि नाही हसले तर?"

"वहीत लिहिलंय, हसतात," निर्माता म्हणाला.

नाही हसले. त्या आठ सेकंदांत थिएटरमध्ये फक्त खोकला ऐकू यायचा. वर्तमानपत्रांनी माझी सालटी काढली. चोराचे पोट सुटले आहे, त्याला धाप लागते, असेही कोणी लिहिले. त्याचा मला अजून राग येतो. दहा वर्षांत माणसाचे पोट सुटणार नाही तर काय होईल? मी वहीवरून बेतलेला असेन, पण त्या नटाने कामात तसूभरही कसर ठेवली नाही. त्या एका दृश्यासाठी त्याने सहा वेळा स्वतःला फ्रीजमध्ये कोंबून घेतले.

पुढे कितीतरी वर्षे मी एका थिएटरच्या अडगळीच्या खोलीत, सात डब्यांत पडून राहिलो. परवा मालकांनी ती खोली आवरायला काढली. ते ऑपरेटर काकांना म्हणाले, "पहिला भाग ठेवा. दुसरा भंगारात घाला."

काकांना वाटले, टाकण्याआधी त्या नटाच्या घरच्यांना एकदा विचारावे. तो आता हयात नाही. त्याची मुलगी नीट बोलूही लागली नव्हती, तेव्हाच तो गेला. ती आता विशीत आहे. सकाळी ती आणि तिची आई आल्या. काकांनी माझे डबे पुसले आणि पहिले रीळ मशीनवर चढवले. एवढ्या मोठ्या थिएटरमध्ये त्या दोघीच, आणि दाराशी मालक. आता पुन्हा तो खोकला ऐकायचा, म्हणून मी मन घट्ट केले.

सतरावे मिनिट आले. चोर फ्रीजमध्ये अडकला, धापा टाकू लागला. मग माझे आठ सेकंद सुरू झाले.

मुलीने हळूच विचारले, "बाबांना अशीच धाप लागायची?"

"जिना चढले की अशीच."

थोड्या वेळाने चोराने तिजोरी उघडली. पुन्हा आठ सेकंद.

"आणि घरी साधं बरणीचं झाकण उघडायचं नाही त्यांना," आई म्हणाली. मुलगी खळखळून हसली. अगदी वहीत लिहिलेल्या मिनिटाला.

खेळ संपल्यावर मालक म्हणाले, "वहिनी, पहिला भाग ठेवतोय ना आपण. तोच चांगला आहे."

"चांगलाच आहे. पण तो आमच्या लग्नाआधीचा. त्यातल्या माणसाला मी ओळखत नाही. माझा नवरा यात आहे."

मालकांनी स्वतः माझे डबे उचलले आणि थोरल्याच्या शेजारी ठेवले.

तेव्हा मित्रांनो, मला चांगला म्हणू नका, मी तसा नाही. पण माझे डबे कोरड्या जागी ठेवा आणि वर्षातून एकदा मला चालवा. हसू आले नाही तर हसू नका. त्या आठ सेकंदांत शेजारच्या माणसाशी बोला. मी तेवढा वेळ गप्प राहीन.