उजव्या खाचेतलं कार्ड

बिरूवर माझा संशय पहिल्या दिवसापासून होता, हे आधीच सांगून टाकते. माणूस फार कमी बोलायचा. आमच्या घरात जो गप्प बसतो तो काहीतरी फोडून आलेला असतो, त्यामुळे गप्प माणसावर माझा विश्वास बसत नाही. त्यातून त्याचा मेव्हणा बारामतीत, आमच्यासारख्याच पेट्या बनवणाऱ्या कंपनीत कामाला.

पेट्या म्हणजे ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या. लोणी देवकरला एका शेडमध्ये आम्ही त्या बनवतो. मालक शंभूराजदादा, जोडणी करणाऱ्या चार बायका आणि प्रोग्राम लिहायला मी न् बिरू. बिरूला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. दिवाळीला ते महिने भरत होते आणि त्याला कायम करायचं की नाही, हे माझ्या शब्दावर होतं.

दसरा झाल्यावर सोमवारी मी नव्या पेटीचा प्रोग्राम बांधायला घेतला. हा प्रोग्राम लिहायचा आमच्या संगणकावर, पण चालायचा पेटीतल्या छोट्या चिपवर. म्हणून शेवटी लिंकर, म्हणजे तुकडे सांधणारा प्रोग्राम, त्याला ज्या लायब्ररी (आधीच लिहून ठेवलेल्या तयार तुकड्यांच्या फाइली) जोडतो, त्याही त्या चिपसाठीच बनवलेल्या लागतात. दोन महिने सगळं बिनबोभाट जोडलं जात होतं. त्या दिवशी मात्र पडद्यावर लाल अक्षरं उमटली. वरच्या ओळीत म्हटलं होतं, लायब्ररी मिळाली पण जुळत नाही, सोडून देतोय. खालच्या ओळीत म्हटलं होतं, लायब्ररी सापडत नाही.

आता मिळाली की सापडत नाही? गुरुवारी लासुर्ण्याची शेतकरी मंडळी पेटी बघायला येणार होती आणि इथं संगणक दोन तोंडांनी बोलत होता. मी फोल्डरचा पत्ता तपासला. बरोबर. लायब्ररीचं नाव अक्षर अक्षर लावून पाहिलं. बरोबर. फाइलची तारीख पाहिली, चौदा मे. मीच बनवली होती त्या दिवसाची. म्हणजे कुणी हात लावलेला दिसत नव्हता, आणि नेमकं तेच मला खुपलं. फाइल बदलून तारीख मागे नेऊन ठेवायची, एवढी अक्कल शेडमध्ये दोघांनाच. एक मी.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. अष्टमीला संध्याकाळी शेडला कुलूप लावलं ते बिरूने. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, शेडमध्ये हत्यारांची पूजा, आणि हा घरचे घट उठायचेत म्हणून निरवांगीला. सोमवारी माझ्या पडद्यावर लाल अक्षरं आली तेव्हा नेमका फोन घेऊन बाहेर गेला.

"कुणाचा फोन?" तो आत आल्यावर मी विचारलं.

"मेव्हण्याचा."

लपवलंही नाही. मला तोही त्याचा कावेबाजपणाच वाटला. कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं म्हणतात, पण कावीळ झालेल्याला ते कोण सांगणार?

दुपारी मी दादांकडे गेले. म्हटलं, आपली लायब्ररी कुणीतरी बदललीय.

"पुरावा हाय का ताई?" दादांनी विचारलं.

"चाव्या तिघांकडे. तुम्ही नाही, मी नाही. मग उरलं कोण?"

दादा भला माणूस, पण गुरुवारच्या काळजीने त्यांचं डोकं फिरलेलं. त्यांनी बिरूला सगळ्या बायकांसमोर उभं केलं. बायकांचे स्क्रू पिळणारे हात थांबले.

"मेव्हण्याला काय काय दिलंस रं? खरं सांग."

बिरूने माझ्याकडे पाहिलं. "ताईंनी सांगितलं?"

मी मान खाली घातली नाही. उलट म्हणाले, "व्हय, मीच."

"उद्यापास्नं येऊ नगंस," दादा म्हणाले.

तो भांडेल असं मला वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने डबा पिशवीत टाकला, शेडची चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे एकवार पाहिलं.

"आमच्याकडं मेंढरं हुती तवाची गोष्ट हाय ताई. आई न्हाय म्हणून एखादं कोकरू दुसरीच्या कासंला लावलं, की ती आधी वास घेती. आपलं नसलं तर ढुशी मारून बाजूला सारती. हे बी तसंच म्हणतंय. लायब्ररी मिळाली, पन आपली न्हाय. तारीख काय बघताय? ती कुणाची हाय, ते फाइलीलाच इचारा."

एवढं बोलून तो गेला. सहा महिन्यांत एका दमात एवढं कधी बोलला नव्हता.

जाता जाता मला शिकवतो! त्या रागातच मी कमांड दिली. लायब्ररी कुठल्या चिपसाठी बनवली आहे, ते ती एका ओळीत सांगते. मी ती सकाळीच द्यायला हवी होती, पण सकाळी मी फाइल कमी आणि बिरू जास्त तपासत होते.

उत्तर आलं, बत्तीस बिट. नव्या पेटीची चिप चौसष्टची. ही जुन्या पेटीची लायब्ररी होती. नाव तेच, आणि तारीखही तीच, कारण दोन्ही मी चौदा मेलाच बनवल्या होत्या. त्या दोन मेमरी कार्डांवर ठेवल्या होत्या. जुन्या पेटीचं कार्ड संगणकाच्या डाव्या खाचेत, नव्या पेटीचं उजव्या, आणि नव्या प्रोग्रामसाठी लिंकर उजव्या खाचेतच बघायचा.

मी उजव्या खाचेतलं कार्ड ओढून काढलं. त्यावर कुंकवाचं बोट होतं.

खंडेनवमीला संगणक मी पुसला होता. दोन्ही कार्डं काढून ओल्या फडक्याने लख्ख केली, त्यांच्यावर स्केचपेनने लिहिलेले आकडेही त्यातच पुसले गेले. ताटात झेंडूशेजारी मांडून मीच हळदकुंकू वाहिलं आणि मीच परत घातली. बायका मदतीला आल्या तर म्हणाले होते, कुणी हात लावू नका, उलटसुलट होतील. आणि त्या दिवशी शेडमध्ये नसलेला एकच माणूस होता, बिरू.

कार्ड मुठीत धरून मी स्कूटीवर फाट्याला गेले. इंदापूरची एसटी अजून आली नव्हती. तो पिशवी पायाशी ठेवून उभा होता. मी मूठ उघडली. त्याने कुंकू पाहिलं आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं.

"चुकले रे मी. परत चल. सगळ्यांसमोर सांगते."

"सांगा. पन मी न्हाय येत." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "त्या लिंकरनं लायब्ररी निदान उघडून तरी बघितली, ताई. मग न्हाय म्हनला. तुमी मला तेवढं बी न्हाय केलं."

मला रडू आलं. मी सहसा कुणासमोर रडत नाही.

एसटी दिसल्यावर त्याने पिशवी उचलली. "सकाळी मेव्हण्याचा फोन आलता. तिकडं जागा हाय, ये म्हनला. मी त्याला न्हाय म्हनलं. म्हनलं, दिवाळीला कायम करनार हायत हितं."

शेडवर येऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं. दादा म्हणाले, "काखंत कळसा अन् गावाला वळसा," आणि हसायला गेले, पण कुणीच हसलं नाही. त्यांनी बिरूला दोनदा फोन लावला. तो दोन्ही वेळा नीट बोलला आणि नाही म्हणाला.

कार्डांची अदलाबदल करायला अर्धं मिनिट लागलं. प्रोग्राम पहिल्या झटक्यात जोडला गेला. गुरुवारी लासुर्ण्याच्या मंडळींना पेटी पसंत पडली.

पुढच्या सोमवारी बिरू बारामतीला मेव्हण्याच्या कंपनीत रुजू झाला. आमच्या पेटीचं सगळं काही जाणणारा माणूस आता खरंच तिथं आहे. त्याला तिथं मी पाठवलं.