सूतभर वाकडी फळी

वर्षालीची थोरली भाग्यश्री दहावी पास झाली, ते दोन हजार तेवीस साल. त्याच दसऱ्यानंतर निघोज्यात ज्योतीरामशेठच्या पॅकिंगपेट्यांच्या शेडसमोर गर्दी उसळू लागली. तिथल्या गोल करवतीच्या मशीनला भूत लागलं होतं.

फळी उभी चिरली की एका टोकाला रुंदी चार इंच, दुसऱ्या टोकाला सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. वर कडेला जळका डाग. लोक म्हणाले, भुताचा चटका! पेट्या घेणाऱ्या कंपनीने दोनदा माल परत पाठवला. मग निरंजन महाराज आले. त्यांनी मशीन गोमूत्राने धुऊन घासायला लावलं, मंत्र पुटपुटले आणि काय सांगावं, फळी सरळ चिरली! माणसं पाया पडली. महाराजांनी मशीनला हळदकुंकू फासलं, टेबलावर नारळ फोडला. चार दिवसांनी फळी पुन्हा वाकडी, महाराज पुन्हा हजर. असं तीनदा झालं.

चौथ्या गुरुवारी महाराजांनी डोळे फिरवले. "चिमाजी मिस्त्री या पात्यात अडकलाय. त्याची बायको रोज समोर झाडू मारते. त्याचा हात थरथरणार नाही तर काय?"

चिमाजी म्हणजे शेडमध्ये झाडू मारणाऱ्या वर्षालीचा वारलेला नवरा. हे मशीन तेच चालवायचे. आता घरात कमावणारी ती एकटी.

"वर्षाली, उद्यापासून येऊ नगंस," शेठ खाली बघत म्हणाले.

"शेठ, माझ्या नवऱ्यानं जन्मात वाकडी फळी कापली नाही. मेल्यावर कशाला कापतील? टेप द्या."

"टेपनं आत्मा मोजतेस व्हय?" महाराज हसले.

"आत्मा नाही, गाइडपट्टी."

तिने मेन स्विच पाडला. फळी ज्या पट्टीला टेकवून ढकलतात, ती पट्टी पात्याच्या पुढच्या दातापासून चार इंच होती, मागच्या दातापाशी सूतभर जवळ. म्हणूनच फळी पात्यावर दाबली जाऊन जळत होती. तिने पट्टी उचलली. खालच्या रुळावर एका बाजूला दगडासारखा लालकाळा थर: कुंकू, नारळाचं पाणी आणि भुसा.

"आयला," मशीनवरचा गणराज म्हणाला, "खंडेनवमीपासून हे आपणच लावतोय की राव!"

वर्षालीने स्क्रूड्रायव्हरने थर खरवडला, फडक्याने रूळ पुसला, पट्टी परत बसवून स्विच लावला. मंत्र नाही, काही नाही. गणराजने फळी चिरली. दोन्ही टोकांना चार इंच.

"महाराज, काम घासण्यानं होत होतं. जाताना तुमचं भूत तुम्हीच परत फासून जात होता."

"श्रद्धेला माप नसतं, बाई."

"पेटीला असतं," गणराज म्हणाला. गर्दी फिसकन हसली आणि महाराज चपला शोधू लागले.

"उद्या टायमावर ये," शेठ वर्षालीला म्हणाले.

बाबांनो, मशीन बिघडलं तर आधी मशीन बघा. मोजा, पुसा, परत मोजा. भूत शोधायला निघालं की ते कुठल्या तरी गरीब बाईच्या नावावर निघतं, आणि घास जातो तो जिवंत माणसाचा.

चिमाजी मिस्त्री तर या पात्यावर नव्हे, दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये करोनाने दवाखान्यात वारले.