विबेचा हिरवा अजगर

मी एक म्हातारा हिरवा अजगर आहे. दचकू नका, मित्रांनो! मी जेमतेम झाडूच्या दांड्याएवढा लांब आहे आणि माझे सारे आयुष्य आडव्या फांदीवर वेटोळे घालून गेले.

पूर्वजांचे रान मी पाहिले नाही. माझा जन्म ग्रोनिंगेन या कालव्यांच्या शहरात, एका साप पाळणाऱ्याच्या घरी झाला. तेव्हा मी लिंबासारखा पिवळा होतो. कालव्यातल्या नावा दुरुस्त करणाऱ्या विबे नावाच्या सुताराने मला घरी आणले, तर त्याची बायको फ्राउके दारातच आडवी उभी राहिली.

"या घरात एक तर हा राहील, नाहीतर मी!"

"बरं, बॅग भरायला मदत करू का?"

"तुझीच भरते, थांब!"

ती कुठे गेली नाही. मात्र माझ्या खोलीत पाय ठेवायची नाही.

विबेने माझ्यासाठी ओकच्या लाकडाची, काचेच्या दाराची पेटी केली. आत फांद्या आडव्या बसवल्या, कारण आम्हाला अंगाची घडी फांदीवर टाकूनच विसावता येते. वर उबेसाठी दिवा लावला. रोज संध्याकाळी तो पाणी फवारायचा आणि मी वेटोळ्यांवर साचलेले थेंब प्यायचो. उंदीर मेलेलाच द्यायचा, पण कोमट पाण्यात ऊन करून, लांब चिमट्याने. "हा बघायचा आहे, कुरवाळायचा नाही," असे पाहुण्यांना बजावायचा. मी पिवळ्याचा हिरवा झालो, तेव्हा त्याने कामावरच्या सगळ्यांना केक खाऊ घातला!

माझ्या ओठांवर बारीक खाचा आहेत. त्यांनी मला ऊब दिसते. विबे म्हणजे काचेपलीकडची एक ऊब. आम्हा सापांना माया कळते की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण ती ऊब आली की मी मान वळवायचो.

एका हिवाळ्यात ती यायची थांबली. काम करता करता विबेचे हृदय बंद पडले होते.

मग वाईट दिवस आले. फ्राउके दार किलकिले करून पाण्याचे भांडे सरकवायची आणि पळायची. फवारणी बंद झाली. कात नीट निघेना, तिचे तुकडे डोळ्यांवर चिकटून राहिले. शेवटी दिवाही गेला. गारठून मी फांदी सोडली आणि तळाशी पडून राहिलो. झाडावरचा साप असा खाली पडून राहिला, की समजावे, त्याचे काहीतरी बिनसले आहे.

त्याच सकाळी फ्राउकेचा भाऊ एल्के आला. त्याचे कॅफे होते.

"मला देऊन टाक. खिडकीत ठेवतो. गिऱ्हाइकं गळ्यात घालून फोटो काढतील."

"आजारी वाटतोय रे तो."

"सापाला कसला आलाय आजार?" त्याने मला मानेला धरून उचलले. माझे बाकीचे अंग खाली लोंबकळले.

"खाली ठेव त्याला!"

"अगं, तुला तर याची किळस येते ना?"

"येते. अजूनही येते. पण विबेनं इतकी वर्षं जपलंय त्याला, तुझ्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात पडायला नाही. गाडी काढ. डॉक्टरांकडे जायचंय."

तिने मला विबेच्या लोकरी स्वेटरात गुंडाळले आणि मांडीवर घेतले. डॉक्टरीणबाईंनी कात भिजवून अलगद उतरवली. फ्राउके विचारत राहिली, ऊब किती हवी, पाणी किती वेळा फवारू? नवा दिवा एल्केनेच बसवला, कुरकुरत का होईना.

मित्रांनो, आमच्यासारखा जीव घरी आणण्याआधी मनाला एकच विचारा. तो शेपटी हलवणार नाही, हाकेला ओ देणार नाही. तरीही त्याची फांदी वर्षानुवर्षे उबदार ठेवणे आपल्याला जमेल का?

परवा संध्याकाळी फ्राउके फवारत होती. मी मान वाकवून पाणी प्यायला लागलो. "विबे, बघ, प्यायला!" ती हरखून म्हणाली आणि मागे वळली. खोलीत आम्ही दोघेच होतो. तिने खुर्ची ओढली, काचेजवळ बसली आणि मी शेवटचा थेंब टिपेपर्यंत तिथून हलली नाही.